हिरवा दिवा आणि एदुविना मावशीची किटली

…आणि वर म्हणतात, ‘दिवा हिरवा आहे ना, मग झालं!’ अहो, काय झालं? तुम्हाला सांगते, आमच्या उआइरोच्या किनाऱ्यावर रेडिओ म्हणजे एदुविना मावशीच्या स्वयंपाकघरातला, पावाच्या टोपलीशेजारचा! होड्या परतायची वेळ झाली की मावशी बटण दाबून ओरडणार, “किटली चढवलीय! कोण कुठे आहे रे?” की एकेक जण हजर… “मी खडकाबाहेर, मावशी!” “मी आलोच, पाव ठेव गं!”

नगरपालिकेला हे नको! आधुनिकीकरण! डोंगरावर मनोरा, होडीहोडीत नवा रेडिओ-संच, नावाऐवजी आकडा. इंजिनिअर बास्तियान नाकातून म्हणतात, “बाई, आपत्कालीन रेडिओवर किटलीचा विषय नको. जुना संच जमा करा. नव्याचा दिवा हिरवा असला की सगळं ठीक.” मावशी म्हणाली, “करते की!” आणि जमा काय केलं? नुसतं वरचं खोकं! आतला रेडिओ कोंबड्यांच्या खुराड्यात! होड्यांवरही जुने संच तसेच… काढतोय कोण?

मग नव्या रेडिओची रंगीत तालीम. नगराध्यक्षा ओर्तेन्सियाबाई धक्क्यावर मंचावर, “सात-चार, उत्तर द्या!” आणि तेवढ्यात जमीन हलली. खरीखुरी! मनोऱ्याची वीज गेली. “सात-चार! सात-चार!” चिडीचूप. सात-चार म्हणजे माझे बाबा हो! होड्या किनाऱ्याकडे वळलेल्या, मागून लाट येणार, आणि बास्तियान संच हलवत म्हणतात, “पण दिवा हिरवा आहे!”

मावशीने खुराड्यातला उघडानागडा रेडिओ उचलला, मी बॅटरी कवटाळली, आणि सगळ्यांबरोबर टेकडीवर पळालो. वर चूल नाही, पाणी नाही, तरी मावशी ओरडली, “किटली चढवलीय! कोण कुठे आहे रे?”

एक… दुसरी… सगळ्या होड्या बोलल्या!

“मेल्यांनो, घरी येऊ नका! मागे फिरा, खोल पाण्यात जा, तिथे लाट नुसती खालून जाते!”

“फिरलो, मावशी!” बाबांचाच आवाज. “पोरीला सांग, माझा पाव खायचा नाही!”

वर्गात हजेरीलाही माझा आवाज फुटत नाही, पण मी बटण हिसकावून ओरडले, “खाणार!”

लाटेने धक्का नेला, मंच नेला. पण माणूस एकही नेला नाही.

मग काय, सत्कार? छे! नगरपालिकेचा निरोप आला, जुना संच मंजूर, फक्त नियमाप्रमाणे करून घ्या. बास्तियान स्वतः आले, पिसं झटकली, आणि रेडिओवर एक हिरवा दिवा बसवून गेले. त्याची तार? कशालाच जोडलेली नाही!

आता रोज मावशी आधी त्या दिव्याकडे बघते, सुस्कारा टाकते, “हिरवा आहे गं बाई…” आणि मग किटली चढवते.