गोठ्यातल्या बाळंतपणाचं कार्ड

...नाय नाय, चूक माझीच कशी? तुम्हीच सांगा! बाई बाळंत झालीय, ती बी परगावी, ती बी गोठ्यात, लेकरू गव्हाणीत निजवलंय, अन् भवताली कोण? तर सगळे बाप्ये! मेंढपाळ बाप्ये, दाढीवाले राजे बाप्ये, उंटसुद्धा बाप्याच दिसत होता! मी म्हणलं, "उमा, सुईण कुठाय गं?" आता माझं तोंड काय गप बसतंय व्हय?

उमा म्हंजी आमच्या माडीवरची भाडेकरीण. लेकरांच्या पुस्तकात चित्रं काढती. स्वभाव असा, की मांजराला बी 'अहो' म्हणंल! छावणी भागातल्या चर्चच्या मार्थाबाईंनी तिला नाताळाची कार्डं काढायला सांगितलेली. "लोकांना आवडली, तर आमच्या लेकरांचं अख्खं पुस्तक तुझ्याच हातचं!" म्हणून पोरगी खाली मान घालून रंग कालवतीय, अन् मी बसले कच्च्या चित्रात सुईण मागत! "आजी, गोष्टीत नाहीये हो सुईण..." "मग लिहिणारे बी बाप्येच असतील! क्रांती चौकातल्या पाट्या वाचून अक्षर शिकलेली बाई हाय मी, मला नको शिकवू! नाळ काय उंटानं कापली?" हसली, अन् गेली वर. मी बोलले अन् विसरले.

गेल्या आठवड्यात छापखान्यातून कार्डांचे गठ्ठे आले. तुम्हाला सांगते, कार्ड हातात घेतलं अन्... थांबा, दम घेऊ द्या... अहो, मागं आपला दौलताबादचा डोंगर, निळाशार, वर एकच चांदणी! लाल गाय अशी मान वाकवून बघतीय, तिला बी पान्हा फुटला असंल! चुलीवरल्या पाण्याच्या पातेल्यातल्या वाफेला तर मी बोट लावून बघितलं, ओलं होतंय का! पोरीनं रंग नाय हो, उजेडच कालवलाय! अन् लेकराला दोन्ही हातांत तोलून धरणारी, लुगड्यातली, कपाळावर गोंदण, पुढचा दात पडलेली म्हातारी... ती मी! इतक्या वर्षांत आरशानं मला असं दाखवलं नाय. असले माझे हात? इतके... चांगले?

तेवढ्यात आली ना मार्थाबाई! चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. उमा पांढरीफटक. मनात म्हणलं, मनकर्णे, पोरीचं पुस्तक गेलं तुझ्या जिभेपायी! बाई विचारती, "उमा, ही कोण?" अन् माझं तोंड काय गप बसतंय व्हय? "मी हाय! काय बोलायचं ते मला बोला, पोरीला नाय!"

बाई माझ्याकडं बघती, कार्डाकडं बघती. मग हळूच म्हणती, "मावशी, माझी आई सुईण होती हो. दर नाताळाला विचारायची, ह्यात मी कुठाय?" अन् कार्ड उराशी धरलं! पुस्तक उमालाच!

झालं ना गोड? पर आता छावणीत गेले की लेकरं बोटं दाखवतेत, "ती बघ, येशूची सुईण!" अन् काल मार्थाबाईचा जावई रिक्षा घेऊन दारात, "आजी, कळा सुरू झाल्यात, कार्डावरले हात शेजारी असू द्या!" आता त्याला कसं सांगू, बाबा, रक्त बघितलं की मला घेरी येती, माझी सवताची लेकरं झाली ती बी डोळे गच्च मिटून, जल्मात कुणाची नाळ कापली नाय मी! पर त्या हातांची लाज राखायची म्हणून पदर खोचला अन् बसले रिक्षात...

डोळे उघडले तर दवाखान्यात मीच खाटेवर आडवी, शेजारी नवं लेकरू टाहो फोडतंय, अन् डॉक्टरीण माझे गाल थोपटतीय, "आजी, बोला! काहीतरी बोला!"

बघा! जल्मात पहिल्यांदा माझं तोंड गप बसलं, तर लोकांना तेव्हाच ते उघडावंसं वाटलं!