दार लागलं, चावी आत

...आणि दार तरी कसलं म्हणता? आपोआप लागणारं! आपण पाऊल बाहेर टाकायचं, मागे वळून बघेपर्यंत खट्ट... चावी आत, माणूस बाहेर! मला सांगा, दारानं कधी लागायचं ते माणसानं ठरवायचं की दारानं? पण नाही, या देशात सगळी दारं अशीच, आणि माणसंही जवळजवळ तशीच! हे मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं हो, पण सांगतो कुणाला, ऐकायला होतं कोण?

आमची ही नर्स. तिला इथल्या इस्पितळात नोकरी लागली म्हणून आम्ही आलो, म्हणजे ती कामाला आली आणि मी तिच्याबरोबर सामानासारखा आलो. तर एकदा काय झालं, ही ड्यूटीवरून दमून घरी आली, चावी विसरलेली, आणि मी गेलेलो फिरायला. बसली बिचारी पायरीवर. मी आलो तशी म्हणाली, "अहो, जादाची चावी इमारतीत कुणाकडे तरी ठेवा. आणि हे बघा, थंडी संपेपर्यंत तुम्हाला एवढं एक माणूस जोडता आलं नाही, तर परतीचं तिकीट काढू. तुम्ही तिकडे भावोजींकडे राहा, मी करार पुरा करून येते. दिवसभर भिंतीशी बोलणारा नवरा मला बघवत नाही." आता एवढा संसार झाल्यावर हिला सोडून जायचं? घाबरलो मी. पण दाखवतोय थोडाच! म्हटलं, "एकच माणूस? अगं, किती हवीत ते सांग. ओळख काय, काढली की निघते!"

उगाच नाही म्हटलं. तुम्हाला सांगतो, मी गॅस एजन्सीच्या काउंटरवर उभं आयुष्य काढलंय. समोर कुणीही येऊ दे, "मूळ गाव कुठलं? मग ते देवळामागचे, दोन्ही पोरी डॉक्टर, ते तुमचे कोण? मावसभाऊ? अहो, म्हणजे तुमची मावशी आणि आमची चुलती एका शाळेतल्या!" झालं, सिलिंडर न्यायला आलेला माणूस मला घरी जेवायचं आमंत्रण देऊन जायचा!

तर आमच्या समोरच्या दारात एक उंच गृहस्थ राहतात, इतके उंच की बोलताना आपली मान अवघडते, आणि त्यांचा एक कुत्रा. गाठलं लिफ्टमध्ये. माझी भाषा मोडकीतोडकी, पण प्रश्न चोख! "मूळचे कुठले? वडील काय करायचे? लग्न झालंय? नाही? का नाही झालं?" त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बटणांकडे पाहिलं, आणि कुत्र्यासकट मधल्याच मजल्यावर उतरले! पुढचे मजले जिन्यानं! वर पोचले तेव्हा धाप लागलेली, मी आपला काळजीनं विचारतो, "दमा घराण्यातच आहे का?" खट्ट... दार!

बरं, वरच्या मजल्यावर पियानो शिकवणाऱ्या एक बाई. त्यांना म्हटलं, "सुरेख वाजवता हो! एकट्याच राहता? घरी कधी असता, कधी नसता? भीती नाही वाटत?" आता यात काय वावगं आहे, तुम्हीच सांगा! तर दुसऱ्या दिवशी इमारतीचा केअरटेकर दारात. टोपी हातात, नजर माझ्या पायांवर. "कसंय साहेब... लोक जरा घाबरलेत. कोण एकटं राहतं, कोण घरी कधी नसतं... अशा चौकशा इथं फक्त पोलीस करतात. आणि चोर."

म्हटलं, "अहो, ओळख काय, काढली की..." पण आवाज बारीकच आला. खरं सांगू? त्या दिवशी पहिल्यांदा हबकलो. फार एकटं वाटलं हो. तिकडे रस्त्यानं चालायची सोय नव्हती, दर दोन पावलांवर "काय, कुठं निघालात?" तेव्हा वैताग यायचा. इथं मी कुठंही निघालो तरी कुणाला काही पडलेली नाही!

थंडी संपत आली. ही तिकिटाचं बोलत नव्हती, मी चावीचं बोलत नव्हतो. आणि एका सकाळी ही ड्यूटीवर गेलेली, मी कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर, अंगात बनियन, लेंगा, पायात हिच्या गुलाबी सपाता... खट्ट! फोन आत, चष्मा आत, अब्रू बाहेर! आणि जिन्यात गारठा असा की दात आपले आपण बोलायला लागले. बसलो पायरीवर.

समोरचं दार उघडलं. उंच गृहस्थ. "बाहेर राहिलात?" म्हटलं, "हो." ते आत गेले. म्हटलं, गेले! तर नाही, स्वतःचा कोट घेऊन आले, माझ्या घोट्यापर्यंत आला तो! कुत्रा येऊन माझ्या पायांवर बसला, इतकं ऊबदार जनावर मी पाहिलं नाही. वरून पियानोबाई खुर्ची आणि कॉफीची किटली घेऊन उतरल्या. केअरटेकर आला, म्हणाला, कुलूपवाला यायचा म्हणजे संध्याकाळच होणार, आणि तोही बसला! आणि मग काय सुरू झालं म्हणता? "मूळचे कुठले तुम्ही? तिकडे काय करायचात? लग्नाला किती वर्षं झाली? मुलं? नाहीत? का नाहीत?" मला! मला विचारतायत! मी एकदा लिफ्टकडे पाहिलं, पण या सपाता घालून जाणार कुठं?

सगळं सांगितलं. मूल झालं नाही तेही सांगितलं, जे काउंटरवर कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मग बाई म्हणाल्या, "मी तर एकदा नुसत्या टॉवेलवर बाहेर राहिले, लाजेनं कुणाचं दार वाजवलं नाही." उंच गृहस्थ म्हणाले, "माझं तर सारखंच होतं." म्हटलं, "मग चावी का ठेवत नाही कुणाकडे?" तर तो एवढा उंच माणूस खाली बघून म्हणतो, "कुणाकडे ठेवणार? माझी इथं ओळख नाही." अहो, त्याचा जन्म या गावातला!

माझ्यातला काउंटरवाला उठून उभा राहिला. "द्या माझ्याकडे! मी दिवसभर घरीच असतो!"

संध्याकाळी ही आली, तर नवरा परक्याच्या कोटात, पायांवर कुत्रा, भोवती भरलेला जिना. ती पियानोबाईंना सरकवून पायरीवर बसली आणि माझ्या कपातली कॉफी प्यायली. आमची जादाची चावी त्याच रात्री समोरच्या घरी गेली.

पण पुढचं ऐका! समोरच्यांची चावी आली, बाईंची आली, खालच्या मजल्यावरच्यांची आली... केअरटेकर स्वतःच सगळ्यांना सांगतो, "साहेबांकडे ठेवा." भिंतीवर खिळे पुरत नाहीत! फोडणी टाकली की बेल. डोळा लागला की बेल. आणि नुसती चावी घेऊन जातील तर शपथ! म्हणतात, "तुमच्या तिकडच्या भावाचं काय झालं पुढं?" आणि बसतात! ओळख काढली की निघते हो, पण निघाली की जात नाही, हे मला कुणी सांगितलं होतं?

परवा ही हळूच म्हणाली, "अहो, थंडी संपली. काढायचं का तिकीट?"

म्हटलं, "अगं, गेलो असतो गं, चार दिवस निवांत झोपलो तरी असतो... पण जाऊ कसा? अख्खी इमारत बाहेर राहील!"