सुभद्रेची दहा नखं

दहा नखं हो, फक्त दहा! पायाची मी धरतच नाही, ती कुणी मागितलीच नव्हती. पण तुम्हाला सांगतो, पिंपरीतल्या मुरारीच्या घरात या दहा नखांनी आठवडाभर कुणाला धड जेवू दिलं नाही...

त्याचं असं झालं, औषधाचा नवा कारखाना निघाला आणि मुरारीच्या बायकोला, सुभद्रेला, बाटल्यांना लेबलं लावायला बोलावणं आलं. बसायला स्टूल, डोक्यावर पंखा! जन्मभर शेणात हात घातलेली बाई ती, तिला भाकरी थापतानाही स्टूलच दिसायला लागलं. कारखान्यातल्या बाईंनी अट एकच घातली, "सोमवारी हात तपासणार. नखं कापलेली हवीत, मळ जरासुद्धा चालणार नाही!"

यात अवघड काय, सांगा बरं? पण घरात सासू होती ना, तानाबाई! मंगळवारी सुभद्रा नखं कापायला बसली, तर, "अगं, देवीचा वार हाय!" बुधवारी, "माझ्या मुरारीचा जन्मवार, न्हाई कापायची!" गुरुवारी एकादशी. शुक्रवारी, "नखाबरूबर लक्षुमी जाती भाईर!" शनिवारी तर मारुती. आणि संध्याकाळी विचारावं, तर दिवा लागलेला! माणसानं नखं कापायची तरी कधी हो? दहा नखं, फक्त दहा!

रविवारी म्हातारी आळंदीला गेली आणि सुभद्रेनं डाव साधला. मुरारीनं रंगराव न्हाव्याकडून नखं काढायची नराणी मागून आणली. कोमट पाण्यात रिठे फेसून बोटं बुडवली, नखं मऊ केली, काडीनं मळ काढला, वर लिंबाची फोड घासली, खोबरेल चोळलं. मुरारी नराणी चालवतोय आणि ओरडतोय, "हलू नगंस, बोट जाईल!" पण नखं अशी निघाली म्हणता, सुभद्रा स्वतःच्याच हाताकडे बघत बसली. खूश झाली हो बिचारी!

तिन्हीसांजेला म्हातारी परतली. नखं बघून चिडेल, असं वाटलं होतं, पण ती तर विरघळलीच! आळंदीच्या वाटेवर भेटेल त्याला सांगत आली होती, माझी सून कंपनीत लागली म्हणून. म्हणाली, "व्हय गं, पयल्यांदा कामाला निघालीस, सवाष्णीनं आसं मोकळ्या हातानं जायचं?" आणि दहाही नखांवर मेंदी थापून वर चिंध्या बांधल्या की हो!

सोमवारी कारखान्यातल्या बाईंनी हात बघितले. नखं लालभडक! "हे काय?"

"मेंदी आहे, बाई."

"रंगाखालचा मळ मला दिसणार कसा? रंग जाऊ दे, मग ये. दोन महिने जागा धरून ठेवते, पुढं नाही."

सुभद्रेनं सोडा लावला, राख लावली, चिंच घासली... नखावरची मेंदी धुऊन जाते होय? ती नखाबरोबर वाढणार आणि कापूनच संपणार. ओसरीवर बसून रडली हो, ढसाढसा रडली.

आणि आता? आता मंगळवार नाही, एकादशी नाही, शनिवारचा मारुती नाही. दिवा लागलेला असो नसो, तानाबाई नराणी घेऊन उंबऱ्यात बसलेली, "ये गं, दाव बोटं, वाढली का?"

सुभद्रा हात पदरात लपवून म्हणते, "अहो आत्याबाई, सकाळीच कापलीत की! कापायला काही उरू तरी द्या!"

दहा नखं हो, फक्त दहा... आणि आता मेली वाढायचं नाव घेत नाहीत!