सासूबाईच्या डोळ्यातला कॅमेरा

...अन् मी म्हणून राहिलो, मामाजी, डोळ्यात कॅमेरा कायले बसवतील, तुमच्या गोठ्यात का चालू आहे हे पाहाची दिल्लीत कोणाले पडली आहे? तुम्हाले सांगतो, उदेलाल मामाजी म्हणजे माझे सासरे, सडक अर्जुनीजवळ शेती, माणूस लाखात एक, पण हातात मोबाईल आला अन् बिघडला. सासूबाईले दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू, भाजीत मिठाच्या जागी साखर टाकून राहिली, शेजारच्या कवडूले मामाजी समजून झापून राहिली, अन् फुकट ऑपरेशनचा कॅम्प आला तं मामाजी म्हणे, नाई पाठवत. काऊन? तं म्हणे, त्या लेन्समंधी कॅमेरा राह्यते, व्हिडिओत सांगितलं. आता याले का म्हणाल, सांगा.

बायको म्हणे, तुम्ही शिकलेले, समजवा. मी कुडव्याहून गाडी काढली, गेला माझा रविवार. म्हटलं, मामाजी, देशात किती डॉक्टर, किती नर्सा, एवढ्या लोकाइनं गुपित ठेवलं? आपल्या गावात पोरीचं लग्न ठरलं तं चहा थंड व्हायच्या आत साकोलीले समजते. तं म्हणे, "तेच तं. एवढे लोक चूप आहेत, म्हणजे केवढी मोठी सेटिंग असंल." गोंदियाच्या डॉक्टरले फोन लावून देल्ला. म्हणे, "वो भी मिला हुआ है." म्हटलं, मी तं मिळालेलो नाई ना? त्याइनं मले असं पाह्यलं... पोरगी पाहाले गेलो तवा पाह्यलं होतं तसं. पुरावा नसला तं लपवला, देल्ला तं बनवला. आता याले का म्हणाल, सांगा.

मग मी डोकं लावलं. इचारलं, मामाजी, का दाखवलं म्हणजे तुम्ही म्हणाल का मी चुकलो? मामाजीनं डोकं खाजवलं. मले वाटलं, जिंकलो. तं म्हणे, "जवाईबापू, तुम्हाले का दाखवलं म्हणजे तुम्ही म्हणाल का मी बरोबर? मागं तो संस्थेवाला चष्मे देतो म्हणून सगळ्याइचे फोटो काढून गेला. मी म्हटलं, यात काही काळंबेरं आहे. तुम्ही म्हटलं, असं कोणी करते का? आले का चष्मे?"

नव्हते ना आले. म्हणजे शंका घेणारा येडा नाई, एकदा खरा निघाला म्हणून दर वेळी खरा निघंल असंही नाई... पण हे मामाजीले कसं सांगाचं, मीच अडकलो. आता याले का म्हणाल, सांगा.

तेवढ्यात चुलीपाशी बसलेली सासूबाई म्हणे, "असंल कॅमेरा तं असू द्या. मी सैपाक करतो, ढोराइले पाणी पाजतो, दिल्लीवाले पाहून पाहून थकतील. मले नातीचं तोंड पाहाचं आहे. जवाईबापू, गाडी काढा."

झालं ऑपरेशन. पट्टी निघाली तं आमच्या रिंकीचं तोंड दोन्ही हातात धरून म्हणे, "अगो, इच्या गालाले तीळ आहे, मले कोणी सांगितलं नाई." मामाजी बाहेर जाऊन नाक शिंकरून आले.

पण दुसऱ्या दिवशी त्याइनं मले अंगणाच्या कोपऱ्यात ओढलं. हळूच म्हणे, "मी गालात तंबाखूचा खर्रा ठेवतो, हे इले इतक्या सालात समजलं नाई. आज म्हणे, थुका. कसं समजलं? सांगा आता, कॅमेरा नाई म्हणून."

मी समजवाले तोंड उघडलं, तं घरासमोरच्या सपरीतून सासूबाईचा आवाज आला, "जवाईबापू, तुमच्या बी गालात आहे."

मग का... दोघंही गेलो, थुकून आलो. तवापासून मी त्या लेन्सबद्दल काही बोलत नाई.