पहिला कोण खोकला?

...नाही, कुत्र्याला खोकला झाला याचं काही नाही हो, होतो, त्यालाही घसा आहे; पण एकेका मालकाला फोन करून सांगावं तर सगळ्यांचं एकच, "छे छे, आमचा नाही हो तसला!" अहो, तसला म्हणजे कसला? खोकलाय तो, चोरी नाही केली!

तुम्हाला सांगते, कुत्र्यांचं वसतिगृह चालवणं म्हणजे... जाऊ दे. सुट्ट्या लागलेल्या, माणसं फिरायला, कुत्री माझ्याकडे, एक खोली रिकामी नाही. आणि सकाळी सकाळी कोपऱ्यातला तपकिरी सुरू झाला. खॉक! खॉक! आणि शेवटी हॅक्क, काहीतरी अडकल्यासारखं. आमचे हे धावले, "हाड अडकलंय, हाड!" म्हणत बाही सरसावून थेट त्याच्या घशात हात! हाड कुठलं? मी सगळ्यांना मऊ भात घालते! हात बाहेर येतोय न येतोय तोच शेजारचा खॉक, त्याच्या शेजारची खॉक, संध्याकाळपर्यंत नुसती जुगलबंदी!

हा खोकला एकाचा दुसऱ्याला लागतो, आणि एकदा का वसतिगृहाचं नाव खराब झालं की कोण कुत्रा आणून सोडेल हो माझ्या दारात? म्हणून तर नियम केलाय, नाकात लसीचे थेंब घातल्याचा डॉक्टरांचा दाखला दाखवा, मगच आत. एका पाहुण्याला मी फाटकातून परत पाठवलंय, ढसाढसा रडला... कुत्रा नव्हे, मालक!

डॉक्टरांना बोलावलं. ते दारापासूनच गरजत आले, "कोणीतरी बिनलसीचा आत घेतलाय तुम्ही! मी दाखले काय शोभेला देतो?" मी शपथा घेतेय, ते छात्या तपासतायत, "जंतूंचा खोकला आहे, औषध देतो, गळ्यातले पट्टे काढा, एकमेकांजवळ जाऊ देऊ नका... आणि पहिला कोण खोकला?"

मी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तपकिरी शेपूट हलवत उभा. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला... "छे छे, आमचा नाही हो तसला!"

अहो, डॉक्टरांचाच कुत्रा! सासुरवाडीला जायचं म्हणून स्वतः सोडून गेलेले, कालच परतलेले. आता ज्यांच्या सहीने माझं फाटक उघडतं, त्यांच्याकडे कुठल्या तोंडाने दाखला मागायचा? मग हळूच म्हणतात, "दिवसभर लोकांच्या कुत्र्यांना थेंब घालतो... घरच्याचं राहूनच गेलं बघा." कान लाल झाले हो बिचाऱ्यांचे! मला राग यावा की हसू, कळेना.

म्हटलं, असू दे, आता घेऊन जा याला. तर डॉक्टर दोन पावलं मागे! "घरी? खालीच दवाखाना आहे माझा, तिथल्या कुत्र्यांना लागेल ना!"

तर सध्या वसतिगृह नव्या पाहुण्यांना बंद, डॉक्टरांचे चिरंजीव मुक्कामाला. आणि जाता जाता फाटकातून मलाच बजावतात, "पण तुम्ही दाखला मागायला हवा होतात हं!"

म्हटलं, चुकलंच हो माझं... औषध तेवढं ठेवून जा.