काडी वर आहे

रंगाच्या दुकानात माझ्यापुढे दोन रंगारी उभे होते.

“काल पावसात तुझी भिंत धुऊन निघाली म्हणे?”

“सगळी. मोबाइलवर लख्ख ऊन दाखवत होतं. तू कसा वाचलास?”

“लेकीने अडवलं. शाळेत हवामान शिकताना तिच्या वर्गाने बरणीच्या तोंडावर फुगा ताणून काडी चिकटवली. तशीच तिने घरी केलीय. पावसाआधी हवेचा दाब उतरला की काडीचं टोक खाली जातं. काल गेलं.”

“आणि सातवीतल्या पोरीचं तू ऐकलंस?”

“गेल्या महिन्यात ऐकून तोंडघशी पडलो होतो. आमच्या छोट्या बाईसाहेबांनी बरणी उन्हात ठेवलेली. आतली हवा तापली, काडी खाली गेली आणि मी दिवसभर घरी माशा मारत बसलो.”

“तरीही?”

“चूक तिनेच शोधली. बरणी सावलीत नेली, रोज वहीत नोंद केली. महिनाभरात एकदाही चुकली नाही. मग काय, ऐकलं.”

दुकानदाराने विचारलं, “बाहेरचा रंग किती देऊ?”

“चार डबे द्या. काडी वर आहे.”

“मलाही चार,” दुसरा म्हणाला. “आणि हे बघ, रोज सकाळी मला फोन करायचा. तू नको, तिलाच करू दे.”