प्याल्यात उरलेलं

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय भाऊराव साळवे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले पाळकसाहेब रेव्हरंड श्रीरंग सोनवणे, शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, आमच्या इंदिराबाई, पंचमंडळींचे चिटणीस शैलेंद्रभैया, आणि शहरातल्या गोरखपुर, गोहलपुर मोहल्ल्यांतून, काहीजण तर पार पाटनहून सकाळच्या मोटारीने आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, तुम्हा सर्वांना ख्रिस्ती सलाम.

महिला मंडळाच्या वतीने मी बोलावं असं ठरलं. शाल इथे टेबलावर आहे, ती मंडळातली वयाने सगळ्यात मोठी बाई पाळकसाहेबांना पांघरवेल. माझ्याकडे फक्त बोलणं आहे.

सुरुवात एका वाक्याने करते. वाक्य माझं नाही, पाळकसाहेबांचं आहे. ते नागपूरहून इथे आले त्याला आता बारा वर्षं होतील. उन्हाळा होता. पहिल्याच प्रभुभोजनाच्या दिवशी ते मेजामागे उभे राहिले, आपल्या सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, “आपण पापी नाही असं ज्याला वाटतं, त्याने या मेजाजवळ येऊ नये. बाकी सगळ्यांनी यावं.”

आठवतं ना? काही माना हलताना दिसतात. तोवर आम्हाला उलटंच शिकवलेलं होतं, की मन धुऊन-पुसून मगच मेजाशी जायचं. त्या दिवशी कितीतरी माणसं पहिल्यांदा न घाबरता उठली.

एक माणूस तर बाहेरून आत आला. नथ्थू. गोळ्यांच्या फॅक्टरीत फिलिंगला असलेला नथ्थू, अंजनीचा नवरा. अंजनी आमच्या महिला मंडळात आहे, ती रोज प्रार्थना करायची आणि हा तिला सायकलवर सोडून बाहेर बिडी ओढत उभा राहायचा. पीत होता. दारू प्यायला की तिला मारत होता. हे मी आज उघडं करत नाही, सगळ्या गोहलपुरला ठाऊक आहे आणि त्याने स्वतः पंचमंडळींसमोर सांगितलेलं आहे. तर खिडकीतून ते वाक्य त्याच्या कानावर पडलं. घरी जाताना तो अंजनीला म्हणाला, “अवं, हा पाद्री तं माह्याच बाबतीत बोलून राहिला. फॅक्टरीत घुसाले पास लागते, अन् इथं पापाचाच पास. मंग मले कोन अडवते?”

हसताय, हसा. ‘पाप आणि कृपा’ या विषयावर मी रविवारच्या शब्बाथशाळेत अनेक वर्षं शिकवते आहे. इतकं सोपं मला सांगता आलेलं नाही.

तो आला. मधे एकदा घसरलाही. पुन्हा प्यायला, अंजनीच्या कपाळाला खोक पडली, पंचांनी त्याला मेजापासून दूर ठेवलं. तेव्हा पाळकसाहेब, तुम्ही दर आठवड्याला सायकल मारत गोहलपुरला जात होतात. त्याच्या खाटेवर बसत होतात. पावसातसुद्धा. आणि तो परत आला तेव्हा तुम्ही स्वतः प्याला त्याच्या ओठांना लावलात. देवाचं प्रेम कसं दिसतं असं मला कुणी विचारलं असतं, तर मी त्या दिवसाकडे बोट दाखवलं असतं. आधीच्या वक्त्यांनी तुमच्याबद्दल पुष्कळ चांगलं सांगितलं. हे कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगितलं.

आता पुढचं.

पासष्टची लढाई सुरू झाली. रात्री अंधार, खिडक्यांना काळे कागद, आणि फॅक्टरीत दुहेरी पाळ्या. आपल्यातले बहुतेकजण तिथेच नोकरीला. पण कुणी हजेरीवर, कुणी भांडारात, कुणी लोखंड कातायच्या खराद मशीनवर. फिलिंगमध्ये, म्हणजे गोळ्यात बारूद भरायच्या कामावर, आपल्या मंडळीतला एकटा नथ्थू. ती पूड अंगाला लागते आणि कातडी पिवळी होते. हात कोपरापर्यंत, नखं, कपाळावरचे केस. साबणाने जात नाही. अंजनी पहिल्यांदा हसली होती. “म्या म्हटलं, अजून लगन करून राहिले का काय तुम्ही? हळद तं लागली!”

पण आपण हसलो नाही. आपण सरकलो.

आपली रीत सगळ्यांना माहीत आहे. मेजापुढच्या कठड्यापाशी ओळीने गुडघे टेकायचे, एकच प्याला ओळीतून फिरतो, पाळक पांढऱ्या कापडाने कड पुसतो आणि पुढच्याला देतो. आणि शेवटी प्याल्यात जे उरतं, ते पाळक स्वतः पितो. ते ओतायचं नसतं, ठेवायचंही नसतं.

ऑक्टोबरच्या भोजनाला नथ्थू रात्रपाळी करून आला आणि ओळीत मधेच बसला. त्याच्यानंतरच्या बाईने प्याला नुसता पदराला टेकवला. तिच्यानंतरचे गृहस्थ उठून गेले. नोव्हेंबरमध्ये काय झालं? सगळ्यांना एकदम घाई. नथ्थूच्या आधी पोचायची घाई! आयुष्यात कधी वेळेवर न आलेली माणसं कठड्यापाशी पहिली. नथ्थूला कळलं. तो अंजनीला म्हणाला, “काहून पळून राहिले हे? मी काय गोळा हाय, तोंडात फुटन?” आणि मग तो आपणहून सगळ्यांच्या शेवटी बसला. कुणाला त्रास नको म्हणून.

शेवटी बसला, म्हणजे त्याच्यामागे उरले फक्त पाळकसाहेब.

त्या महिन्यात मेजाची भांडी घासायची पाळी माझी होती. मी मागच्या अंगणात उभी होते. पाळकसाहेब, तुम्ही प्याला घेऊन बाहेर आलात आणि उरलेला द्राक्षारस कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतलात. मी विचारलं, “पाळकसाहेब, हे काय?” तुम्ही म्हणालात, “शैलजाबाई, मंडळीत मुलंबाळं आहेत. उद्या काही झालं तर लोक मला विचारतील.” आणि आपण दोघं मागे वळलो तर नथ्थू. त्याची सायकल त्याच झाडाला टेकवलेली होती. तो म्हणाला, “सलाम साहेब.” सायकल घेतली आणि गेला.

शैलेंद्रभैया, बसा. माझं झालेलं नाही. नाही, ‘दीदी, आज ये सब नहीं’ असं नका म्हणू. आज नाही तर कधी? पंचमंडळींच्या बैठकीत मी दोनदा हा विषय काढला. दोन्ही वेळा तुम्हीच म्हणालात, पाहू. मंगळवारी पाळकसाहेब गाडीत बसतील, मग कोण पाहणार आहे?

मी डॉक्टरांकडेही गेले होते. ते म्हणाले, “रंग है बाई, रोग नहीं. आपको नहीं लगेगा.” हे मी पाळकसाहेबांना त्याच आठवड्यात येऊन सांगितलं. म्हणजे अज्ञानाने झालं असं म्हणायलाही जागा नाही.

नाताळात काचेचे छोटे पेले आले. सागवानी ट्रे, त्यात ओळीने पेले, ज्याचा त्याचा वेगळा. शैलेंद्रभैयांनी मंडळीला भेट दिले. आज इथे जो जो बोलायला उठला, त्याने पाळकसाहेबांच्या काळातली मोठी सुधारणा म्हणून त्या पेल्यांचं नाव घेतलं. स्वच्छता, आधुनिकता! अहो, वेगळे पेले असायला माझी ना नाही. जगात कितीतरी मंडळ्यांत आहेत, चांगल्या मनाने आहेत. पण आपल्याकडे ते कशासाठी आले, हे या सभागृहात ज्याला माहीत नाही त्याने हात वर करावा.

एकही हात नाही.

माझ्या बाबांची गोष्ट सांगते. वर्ध्याकडच्या गावात त्यांना पाणी मिळायचं ते ओंजळीत, वरून ओतलेलं. तुमच्यातल्या बहुतेकांच्या आजोबांनी तसंच पाणी प्यायलेलं आहे. आपण सगळे कुठून आलो ते मला आणि तुम्हाला माहीत आहे. बाबांनी पहिलं प्रभुभोजन घेतलं, तेव्हा ते प्याला हातातून सोडेनात. पाद्रीला वाटलं, माणूस अधाशी आहे. बाबा पाहत होते, आपल्या शेजारी बसलेली ती पाटलांच्या घरातली म्हातारी आपल्यामागून पिते की नाही. ती प्यायली. बाबा घरी येऊन रडले. तारण म्हणजे काय, ते त्यांना पुस्तकातून नंतर कळलं. आधी कळलं ते त्या म्हातारीच्या ओठांवरून.

आणि आपण, त्यांचीच लेकरं-नातवंडं, एका पिढीत शिकलो. कोणाचं उष्टं नको ते ठरवायला शिकलो! गावातून निघालो, नवी नावं लावली, नोकऱ्या धरल्या, आणि पहिली संधी मिळताच आपल्याच माणसाला ओंजळीत पाणी घालायला लागलो. काचेच्या ओंजळीत, एवढाच फरक.

मला राग आला आहे. निरोपाच्या दिवशी राग बरा दिसत नाही, हे मला कळतं. परक्या माणसावर मी इतकी चिडले नसते.

एक गोष्ट मला वर्षभर झोपू देत नाही. नथ्थूची खरी पापं होती. दारू होती, अंजनीच्या कपाळावरची खोक होती. ती आपण क्षमा केली आणि ती क्षमा करायला आपल्याला जड गेलं नाही. तो पश्चात्ताप करून आला, आपण घेतलं. मग हे काय झालं? हात पिवळे होणं हे पाप नाही. म्हणून त्याला त्याचा पश्चात्ताप करता येईना, आणि पश्चात्ताप नाही म्हणून आपल्याला क्षमा करता येईना. पापी माणसाला आपल्या मेजाशी जागा होती. निर्दोष माणसाला मिळाली नाही. मारकुट्या नवऱ्यामागून आपण प्यालो, आणि ज्याने आपल्या जवानांसाठी गोळे भरले त्याच्यामागून नाही. लढाई थांबल्यावर याच जागी उपकारस्तुतीची उपासना झाली. देशासाठी राबणाऱ्या हातांबद्दल आपण देवाचे आभार मानले. त्यातले दोन हात मागच्या बाकावर होते, पिवळे. तेवढे सोडून.

अध्यक्षसाहेब, घंटी ऐकली मी. थोडंच आहे. हवं तर महिला मंडळाच्या पुढच्या वर्षीच्या वेळेतून कापून घ्या.

नथ्थू आता खाटेवर आहे. दिवाळीपासून यकृत गेलं आहे. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच. नाताळाच्या त्या दिवसापासून त्याने भोजन घेतलेलं नाही. पाळकसाहेब एकदा त्याच्याकडे गेले होते, छोटा पेला घेऊन. नथ्थूने तोंड फिरवलं. म्हणाला, “हे काय, दवाईच हाय का साहेब? दवाई तं रोजच पिऊन राहिलो.” मग पंचमंडळींत निरोप आला की नथ्थूने आपल्या मर्जीने भोजन नाकारलं. मर्जीने! ज्याला आपण रांगेच्या शेवटी नेलं आणि तिथूनही ओतून टाकलं, त्याची मर्जी!

इंदिराबाई, तुम्ही खाली पाहू नका. तुम्ही गेल्या महिन्यात अंजनीकडे गेलात आणि नथ्थूच्याच कपातून चहा घेतलात. अंजनीने मला सांगितलं. तुम्ही गेल्यावर ती तो कप धुवायलाच तयार नव्हती.

परवा मी गेले तेव्हा नथ्थूने मला विचारलं, “बाई, भोजनाबिगर गेलो तं वर घेतीन ना?” मी म्हटलं, “घेतील. देवाचं प्रेम कुणाला पेल्यात मोजून मिळत नाही.” तर म्हणतो, “मंग ह्या लोकायले काहून मोजा लागते?”

तो प्रश्न मी तुमच्यापुढे आणला आहे. त्याच्या तारणाची मला काळजी नाही. ज्याच्या हाती ते आहे, त्याने फिलिंगच्या कामगारांपेक्षा घाणेरडी माणसं जवळ घेतली, त्यांच्या ताटात जेवला आणि त्याबद्दल भल्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या. पण नथ्थूला वर घेण्याआधी एकदा खाली घ्यायला हवं आहे. आपण घ्यायला हवं आहे. त्याची इच्छा एवढीच आहे, की जाण्याआधी दुसऱ्या माणसाबरोबर एका प्याल्यातून प्यावं.

संपवते. पाळकसाहेब, बारा वर्षं तुम्ही आमच्यासाठी झिजलात. माझे यजमान गेले तेव्हा तुम्ही रात्रभर आमच्या ओसरीवर बसून होतात, ते मी विसरलेली नाही आणि विसरणार नाही. महिला मंडळातर्फे तुमचे आणि इंदिराबाईंचे मनापासून आभार. अध्यक्षांचे आभार, त्यांनी घंटी एकदाच वाजवली. ज्यांची मनं दुखावली त्यांनी मला पदरात घ्यावं. शब्द कुठे तीव्र झाला असेल तर तो माझा, मंडळाचा नाही.

आणि आता मागणं. तुम्ही नाही म्हणाल, पाळकसाहेब. पंचमंडळींचा ठराव नाही म्हणाल, सामान बांधायचं आहे म्हणाल. हे सगळं धरूनच मी उभी राहिले. तरी मागते. रविवारची उपासना झाली की माझ्याबरोबर गोहलपुरला चला. प्याला अंजनीच्या घरातला चालेल. भाकर मोडा, आशीर्वाद द्या, आधी नथ्थूला पाजा. आणि त्याच्यामागे प्याल्यात जे उरेल, ते तुम्ही प्या.